लग्नाळूंची दुसरी प्रत

माझ्या हातून एकदा सव्वीसशे लग्नाळू माणसं हरवली. एकदम. सकाळी साडेदहाला, हजरतगंजमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. त्यांत डॉक्टर होते, पाटबंधारे खात्यातले इंजिनिअर होते, एम.ए. झालेल्या आणि कथक शिकलेल्या मुली होत्या, एक घटस्फोटित दंतवैद्य होता आणि 'मुलगी कुठलीही चालेल, फक्त बरेलीची नको' असं लिहून देणारा एक वकील होता. सगळे गेले. आणि अकरा दिवसांनी त्यांचं परिचय संमेलन होतं.

आज हे लिहिताना मला हसू आवरत नाही. त्या दिवशी मात्र मी त्याच इमारतीच्या जिन्यात बसून ठरवलं होतं की आता सांगलीला परत जायचं आणि उरलेला जन्म आईबरोबर पापड लाटायचे.

मी सांगलीची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, पुढे लग्न झालं, आणि नव्वदच्या दशकात ह्यांची बँकेतून लखनौला बदली झाली. विकास नगरात घर मिळालं. ओळखीचं कुणी नाही, दुपार खायला उठायची. हजरतगंजात टंडनसाहेबांचं कॉम्प्युटर विकायचं आणि दुरुस्त करायचं दुकान होतं, तिथे जाऊन मी सरळ विचारलं, "काम आहे का?" त्यांनी एक बंद पडलेला प्रिंटर माझ्यापुढे सरकवला. तासाभरात तो चालू झाला आणि मी नोकरीला लागले. पुढे तीस वर्षं, चार शहरांत, मी हेच काम केलं. पण लखनौत स्क्रूड्रायव्हर घेऊन दारात उभी राहिलेली बाई पाहिली की गिऱ्हाईक माझ्या खांद्यावरून मागे बघायचं आणि विचारायचं, "इंजीनियर साहब कब आएँगे?" मी म्हणायची, "आ गए."

माझ्याकडे हळूहळू एक खास खातं आलं, बॅकअपचं. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर बॅकअप म्हणजे कॉम्प्युटरमधल्या माहितीची दुसरी प्रत, जी मूळ प्रत मेली तर कामाला येते. ऐकायला सोपं आहे. विकायला महाकठीण. ज्याचं सगळं सुरळीत चाललंय अशा माणसाला सांगायचं की तुमची डिस्क एक दिवस मरणार आहे. लोक चिडायचे. अमीनाबादच्या एका चिकनकारीच्या कपड्यांच्या व्यापाऱ्याने तर "शुभ-शुभ बोलिए" म्हणून मला मिठाई खायला घातली आणि घालवून दिलं. दुसऱ्या एकाने ऐकलं, रोज नेमाने फ्लॉपीवर प्रत काढली आणि फ्लॉपींचा डबा वर्षभर व्होल्टेज स्टॅबिलायझरवर ठेवला. लखनौच्या विजेच्या चढउतारामुळे तेव्हा प्रत्येक टेबलाखाली हा गुरगुरणारा लोखंडी डबा असायचाच. त्याच्या पोटात भला मोठा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे विजेवर चालणारं चुंबकच, आणि फ्लॉपीचं चुंबकाशी हाडवैर. वेळ आली तेव्हा त्या डब्यातली एक फ्लॉपी वाचता येईल तर शपथ. मी त्या गृहस्थांवर पोट धरून हसले होते. म्हणून पुढे माझं जे झालं ते योग्यच झालं.

तर निगमदीदी. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, उंच, पांढरी सुती साडी, चष्म्याला काळी दोरी. निवृत्तीनंतर त्यांनी हजरतगंजात वधूवर सूचक केंद्र काढलं होतं. अर्ध्या लखनौच्या लेकी-सुना त्यांच्या हाताखालून शिकून गेलेल्या, त्यामुळे त्यांच्या टेबलासमोर बसलेले मुलींचे बाप आपोआप पाठ ताठ करून बसायचे. मदतीला एकच माणूस, सक्सेनाबाबू. कचेरीत तीस वर्षं टायपिस्ट होते. वय पन्नाशीच्या पुढे, बुटांना रोज पॉलिश, बोलणं अगदी मोजकं. कॉम्प्युटर सुरू करण्याआधी ते त्याला हलकेच म्हणायचे, "चलिए हुजूर."

दीदींनी कॉम्प्युटर घेतला, स्कॅनरही घेतला, आणि स्थळांचे अर्ज फोटोंसकट आत भरायला सुरुवात केली. नुसता मजकूर असता तर तीन-चार फ्लॉपींत मावला असता. फोटोंनी घोळ केला. मी गणित करून सांगितलं की एक पूर्ण प्रत काढायला साठच्या वर फ्लॉपी लागतील, आणि रोज संध्याकाळी सक्सेनाबाबूंना 'आता सदतिसावी घाला, आता अडतिसावी घाला' करत बसावं लागेल.

दीदींनी चष्मा लावला आणि माझी तोंडी परीक्षा सुरू केली. "मग दुसरा उपाय?"

"त्याच मशीनमध्ये दुसरी डिस्क."

"मशीन चोरीला गेलं तर?"

"दोन्ही जातील."

"कागद?"

"अर्ज ठेवायचे जपून. पण चार कपाटं लागतील, आणि वाळवी."

"आणखी?"

मग मी टेप काढली. कॅसेटपेक्षा जाडजूड, तळहाताएवढी. ती यंत्रात घालायची, आज्ञा द्यायची, चाळीस मिनिटं घुर्रघुर्र आवाज ऐकायचा आणि सगळं एका टेपवर. सोमवार ते शनिवार सहा टेपा, पुढच्या सोमवारी पुन्हा पहिलीवर. तेव्हाच्या मानाने उत्तम पद्धत. दीदींनी टेप हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि एकच प्रश्न विचारला.

"इसमें जाता है, वो तो समझ में आया. वापस भी आता है?"

"आता है, दीदी," मी म्हणाले.

करून दाखवलं नाही. दुकानात परतायला उशीर होत होता.

सक्सेनाबाबूंना शिकवायला मला एक सकाळ पुरली. सतराशे स्थळं आधीच भरून झाली होती, ती पहिल्या टेपवर गेली. यंत्र थांबल्यावर त्यांनी त्या टेपवर कुंकवाने छोटं स्वस्तिक काढलं. मी म्हटलं, "बाबूजी, यंत्रात कुंकू जाईल." त्यांनी घाबरून बोटानेच पुसून टाकलं. थोडं राहिलं.

वर्षभर सगळं छान चाललं. दीदींचं नाव सीतापूर, कानपूर, फैजाबादपर्यंत गेलं. डिस्क भरत आली म्हणून मी ऑक्टोबरात दुसरी मोठी डिस्क बसवली आणि सगळी स्थळं तिच्यावर हलवली. नीट, एक न् एक. आणि मग जुन्या डिस्कवरची खोडून टाकली, जागा मोकळी व्हावी म्हणून.

जे केलं नाही ते हे: टेपला सांगितलं नाही की माणसं आता दुसऱ्या घरी राहायला गेलीत. टेप रोज संध्याकाळी जुन्याच पत्त्यावर जात होती. तिथे कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम तेवढा शिल्लक होता. ती इमानदारीने तोच उचलायची आणि पडद्यावर लिहायची, 'काम पूर्ण झाले.' माणूस एकही नाही.

सक्सेनाबाबूंनी मला नोव्हेंबरात सांगितलंसुद्धा. जिन्यात भेटले, म्हणाले, "मैडम, आजकल टेप बड़ी जल्दी हो जाती है. पहले चाय ठंडी हो जाती थी, अब उबल भी नहीं पाती."

आणि मी, सांगलीची हुशार डिप्लोमावाली, म्हणाले, "नवीन डिस्क फास्ट आहे, बाबूजी."

जानेवारीच्या एका सकाळी नव्या डिस्कने सुपारी फोडल्यासारखा आवाज केला आणि ती मेली. मी अगदी आनंदात गेले, खरं सांगते. इतके दिवस बॅकअप विकत होते, आज त्याचा चमत्कार दाखवायची संधी. नवी डिस्क लावली, "दीदी, आता बघा," म्हटलं आणि शनिवारची टेप घातली. चार मिनिटांत थांबली. पडद्यावर प्रोग्रॅम आला, आत एकही नाव नाही. शुक्रवारची घातली. मग गुरुवारची. बुधवारच्या टेपला मला जिन्यातलं बोलणं आठवलं.

अर्ज? अर्ज आठवड्यापूर्वीच रद्दीत गेले होते. कपाटं रिकामी करायला आमच्या टंडनसाहेबांनीच सांगितलं होतं, "अब कागज की क्या जरूरत?"

मी बाहेर जिन्यात येऊन बसले आणि मग खालच्या दुकानातून टंडनसाहेबांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बोल दीजिए बिजली का झटका आया था," ते म्हणाले. "लखनऊ में बिजली पर इल्जाम लगाओ तो कोई गवाह नहीं माँगता."

सल्ला मोहात पाडणारा होता. फोन ठेवून मी दोन मजले चढले, आणि प्रत्येक पायरीवर वीज जास्त जास्त दोषी वाटत गेली. पण वर दीदी उभ्या होत्या. मुख्याध्यापिकेच्या डोळ्यांपुढे खोटं बोलायची मला शाळेपासूनच सवय नाही.

"दीदी, चूक माझी आहे," मी म्हणाले, आणि डिस्क, टेप, जुना पत्ता, सगळं सांगून टाकलं. जिन्यातलं बोलणंही.

लखनौच्या माणसाला राग आला की तो ओरडत नाही. तो जास्त सभ्य होतो. दीदींनी खुर्ची पुढे केली. "तशरीफ रखिए, पाटणकरजी." एरवी त्या मला 'बेटा' म्हणायच्या. "आप से हमें यह उम्मीद न थी. पानी लेंगी आप?"

मी पाणी प्याले आणि रडले, याच क्रमाने.

तेवढ्यात मागून खाकरल्याचा आवाज आला. सक्सेनाबाबू उभे होते, हात मागे बांधून. "दीदी, एक गुस्ताखी हुई है."

ते कपाटाकडे गेले. टाइपरायटरच्या जुन्या रिबिनींच्या मागून त्यांनी लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. टेप होती. वर पुसट कुंकू.

"पहली वाली है," ते खाली मान घालून म्हणाले. "इस पर दोबारा लिखने का जी नहीं हुआ. बोहनी की थी. मैडम से झूठ बोला कि मशीन चबा गई, नई दिला दीजिए."

खरंच, त्यांनी तसं सांगितलं होतं आणि मी त्यांना टेप नीट हाताळण्यावर दहा मिनिटांचं व्याख्यान दिलं होतं. आता मला त्यांच्या पॉलिश केलेल्या बुटांवर डोकं ठेवावंसं वाटत होतं.

टेप घातली. घुर्रघुर्र सुरू झाली आणि थांबेना. चार मिनिटं झाली, दहा झाली, वीस. त्या आवाजाइतकं गोड काही मी लखनौत ऐकलं नाही, आणि तिथे मी बऱ्याच मैफली ऐकल्यात. चाळिसाव्या मिनिटाला यंत्र थांबलं. मी यादी उघडली. सतराशे! वकील होता! दंतवैद्य होता! मी खुर्चीतून उठून दीदींना मिठीच मारली, आणि त्यांना काय करावं ते कळेना म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर शाबासकीच्या दोन थापा मारल्या.

"आखिरी एंट्री खोलिए," दीदी म्हणाल्या. "देखें, पूरी आई है कि नहीं."

"आखिरी रहने दीजिए, दीदी," सक्सेनाबाबू इतक्या घाईने म्हणाले की मी लगेच तीच उघडली.

फोटो नव्हता. दीदींनी चष्मा सावरला आणि वर्गात धडा वाचावा तशा खणखणीत आवाजात वाचलं. "रमेशचंद्र सक्सेना. उम्र तिरपन साल. विधुर. संतान नहीं. शौक, ठुमरी और बागवानी." मग त्या थांबल्या आणि पुढचं जरा हळू वाचलं. "अपेक्षा. बोलने वाली हों. घर में बहुत सन्नाटा रहता है."

सक्सेनाबाबूंचे कान लालबुंद झाले होते. "वो तो मैडम ने कहा था, सीखने के लिए कुछ भी टाइप कर दीजिए."

मी म्हटलं होतं खरं. शिकवणीच्या सकाळी. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती नोंद गुपचूप खोडून टाकली होती. पण आदल्या दिवशीच ती टेपवर गेली होती, आणि त्या एका टेपखेरीज जगात कुठेही नव्हती. तिच्यावर पुन्हा लिहायला त्यांचं मन का झालं नाही, हे दीदींनी विचारलं नाही. मीही नाही. दीदींनी चष्मा काढून पदराने पुसला आणि एवढंच म्हणाल्या, "कुछ भी?"

उरली नऊशे. त्या पहिल्या टेपनंतर वर्षभरात आलेली. अकरा दिवस.

पहिला उपाय दीदींच्या डोक्यात निघाला, म्हणजे अक्षरशः त्यांच्या डोक्यात. त्या डोळे मिटून खुर्चीत बसल्या. "लिखिए. मिश्राजी, अलीगंज, दो बेटियाँ. बड़ी बी.एड., चश्मा है पर फोटो में नहीं है. छोटी को संगीत..." सक्सेनाबाबू टाइप करत होते, मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. शाळेत दीड हजार मुलींची नावं, बापाच्या नावासकट पाठ असलेली बाई ती. दोन दिवसांत त्यांनी साडेतीनशे स्थळं डोक्यातून उतरवून दिली, उंची, गोत्र आणि कोणाची आत्या भांडखोर आहे यासकट. नंतर जेवढे अर्ज सापडले त्यांच्याशी ताडून पाहिलं तेव्हा चुका निघाल्या फक्त सात. कुठल्याही टेपने मला इतका चांगला निकाल आजवर दिलेला नाही.

ताडायला अर्ज कुठून आले, हीदेखील गंमतच. शनिवारी संध्याकाळी हे मला बळेच हजरतगंजात फिरायला घेऊन आले. तिकडे या फिरण्याला 'गंजिंग' म्हणतात. थंडी मी म्हणत होती, कोपऱ्यावर भुईमुगाच्या गरम शेंगा. ह्यांनी पुडी घेतली. मी शेंगा सोलता सोलता पुडीवरचं वाचत होते, सवयच आहे. 'गौर वर्ण, गृहकार्य में दक्ष, सिलाई का डिप्लोमा.' मी किंचाळले. शेंगा फूटपाथवर.

"काय झालं?" हे घाबरले.

"अहो, ही आमची मुलगी आहे!"

शेंगावाल्याकडे पुड्यांची चळत होती. त्याला वाटलं बाईला थंडी बाधली. "भैया, शेंगा नकोत, पुड्या द्या सगळ्या," मी मराठीतच म्हणत होते. ह्यांनी हिंदी केलं. पुड्या चिकटवणाऱ्या आजी अमीनाबादच्या मागच्या गल्लीत राहायच्या, तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं स्कूटरवरून गेलो. त्यांच्याकडे अजून अर्धं पोतं न कापलेलं होतं! आजींनी सगळी हकिगत ऐकली, आधी पोटभर हसल्या, मग म्हणाल्या, "ले जाओ बिटिया, रिश्तों पे मूँगफली नहीं बेचूँगी." मात्र जाताना आपल्या नातीचं नाव लिहून घ्यायला लावलं. दोनशेच्या आसपास अर्ज मिळाले. काही पुड्यांत मुलीचं नाव होतं आणि अपेक्षा दुसऱ्याच पुडीवर. सक्सेनाबाबूंनी ते तुकडे टेबलावर मांडून जुळवले, जिभेचं टोक बाहेर काढून.

उरलेल्यांसाठी दारोदार. फीच्या पावतीपुस्तकात नाव आणि पत्ता तेवढा होता. ह्यांनी चार दिवस रजा काढली, स्कूटर चालवायला. विकास नगर, अलीगंज, पार बख्शी का तालाबपर्यंत, तिथे हवाई दलातलं एक बीडचं कुटुंब निघालं. त्यांनी मराठी ऐकून आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्यांच्या मुलाला मी मराठीत प्रश्न विचारत होते, तो हिंदीत उत्तरं देत होता, आणि त्याची आई शेजारून दोन्ही भाषांत दुरुस्त्या करत होती.

एक विलक्षण गोष्ट मात्र घडली. पुन्हा घेतलेल्या माहितीत सगळ्यांचं वय कमी झालं. पुड्यांवर एकोणतीस असलेली मुलगी घरी गेल्यावर सत्तावीस निघाली. एक मुलगा तर तीन वर्षांनी लहान झाला आणि दोन इंच उंच. मी दीदींना विचारलं, कुठलं खरं धरायचं? त्या म्हणाल्या, "जो पहले लिखा था. आदमी पहली बार घबराहट में सच बोल देता है." शिवाय, पंचावन्न जणांची लग्नं होऊन गेली होती आणि कुणी कळवलंच नव्हतं. एका दारात तर 'वर' आपल्या बाळाला खांद्यावर घेऊन उभा होता.

संमेलनाच्या दिवशी आमच्याकडे अडीच हजार स्थळं होती, छापील, जमेल तिथे फोटोंसकट. चाळीस-पन्नास शेवटपर्यंत सापडली नाहीत, त्याची रुखरुख मला अजून आहे. त्यांच्यासाठी दीदींनी दारातच एक टेबल मांडलं आणि सक्सेनाबाबूंना बसवलं. सीतापूरच्या एक शिक्षिका भाचीसाठी आल्या होत्या. उषाजी. विधवा, पंचेचाळिशीच्या. यादीत भाचीचं नाव नाही म्हटल्यावर त्या सुरू झाल्या. फॉर्म कधी दिला, कुठल्या बसने आल्या होत्या, त्या बसचा कंडक्टर किती उद्धट होता, हल्ली सीतापूरला वीज कशी नसते, आणि माणसाने कॉम्प्युटरवर विश्वास का ठेवू नये. अर्धा तास. सक्सेनाबाबू हातातलं पेन खाली ठेवून ऐकत होते. मध्ये एकदाच बोलले, "जी, फिर?"

व्यासपीठावरून दीदी चष्म्याच्या वरून ते बघत होत्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "बेटा, एक एंट्री और बनानी है. सीतापुर की." मी परत 'बेटा' झाले होते, त्यामुळे मला सीतापूर नीट ऐकूच आलं नाही. लग्न मे महिन्यात झालं. भाचीचं नंतर.

मग दीदींनी मला पुन्हा समोर बसवलं आणि पद्धत त्यांनी ठरवली, मी नाही. टेप रोज, पण लिहून झाल्यावर यंत्राने ती पुन्हा वाचून मूळ माहितीशी ताडायची. दर शनिवारी एका काढता येणाऱ्या डिस्कवर सगळी प्रत, आणि ती डिस्क सक्सेनाबाबूंच्या घरी, उषाजींच्या साड्यांच्या पेटीत. अर्ज रद्दीत नाहीत. आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी माझी परीक्षा: दुसऱ्या, रिकाम्या कॉम्प्युटरवर सगळं परत आणून दाखवायचं, त्यांच्यासमोर. नाव त्या सांगणार, मी शोधून दाखवणार. "जाता है, ये मत दिखाइए," त्या म्हणाल्या. "वापस आता है, ये दिखाइए."

तीस वर्षांत मला या विषयावरची जाडजूड पुस्तकं भेटली, टाय लावलेले तज्ज्ञ भेटले. टेप गेली, सीडी आली, तीही गेली. यापेक्षा शहाणं वाक्य कोणी सांगितलं नाही. पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाकडे मी आधी परत आणून दाखवायची, मग विकायची. अमीनाबादच्या त्या 'शुभ-शुभ बोलिए' वाल्यानेही शेवटी घेतलं.

त्यानंतर दोन उन्हाळे गेले. जूनच्या एका सकाळी दहाला केंद्रातून फोन आला, डिस्क पुन्हा मेली. मी पोचले तेव्हा दोन कुटुंबं बसली होती, सरबत पीत. सक्सेनाबाबूंनी कालची टेप काढून ठेवली होती. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती चढवली, चाळीस मिनिटं घुर्रघुर्र, यादी उघडली, एक न् एक माणूस जागेवर. तेवढ्या वेळात एका कुटुंबाने दुसऱ्याला पसंतही करून टाकलं. मी दीदींकडे वळले.

"दीदी, झालं! सगळं परत आलं!"

दीदी पत्र लिहीत होत्या. त्यांनी वर पाहिलंही नाही. "हो गया? अच्छा. जाते-जाते वो खिड़की बंद करती जाइएगा, लू आ रही है."

उन्हाच्या झळा येणारी ती खिडकी मी बंद केली आणि जिना उतरले. उतरता उतरता मला हसू फुटलं ते थांबेचना. विकास नगरच्या टेंपोत चढले, तिथेही तेच. समोर कारल्यांची पिशवी मांडीवर घेतलेल्या एक बाई बसल्या होत्या. थोडा वेळ त्यांनी सहन केलं, मग राहवेना.

"बहुत खुश हैं आप. कुछ हुआ क्या?"

"जी नहीं," मी डोळे पुसत म्हणाले. "कुछ नहीं हुआ."

"बिलकुल कुछ नहीं?"

"बिलकुल कुछ नहीं."

बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, कारली नीट सावरली आणि मनापासून म्हणाल्या, "मुबारक हो."